शर्यतीनंतरचा घोडा : निवृत्त शर्यती अश्वाच्या पुनर्वसनाची प्रक्रिया आणि तिच्यातील प्रश्न

बीजसंज्ञा : थरोब्रेड अश्व, पुनर्वसन, पुनराहार, कंडराइजा, पुनर्शिक्षण, प्राणिकल्याण

प्रस्तावना

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर हिवाळी हंगामात होणारी 'इंडियन डर्बी' ही शर्यत चार वर्षे वयाच्या घोड्यांसाठी असते. १९४३ पासून चालत आलेल्या या शर्यतीत २,४०० मीटरचे अंतर घोडा सरासरी ताशी साठ किलोमीटरच्या जवळपास वेगाने कापतो. चार वर्षांचा घोडा म्हणजे वास्तविक नुकताच तारुण्यात आलेला घोडा. त्याच्या पाठीच्या कण्यातील वाढीची केंद्रे या वयात पूर्णपणे जुळून आलेली नसतात. तथापि शर्यतीच्या हिशेबात हे वय मध्यान्हीचे समजले जाते आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बहुसंख्य घोडे मैदानातून बाजूला होतात. चांगली निगा मिळाली तर घोडा पंचवीस, क्वचित तीस वर्षेही जगतो. दोन-चार वर्षे शर्यत आणि त्यापुढे सुमारे वीस वर्षे आयुष्य, असे हे गणित आहे. पहिल्या काळाची नोंद वंशावळीच्या ग्रंथांत, शर्यतींच्या निकालपत्रांत आणि वृत्तपत्रांत सापडते. दुसऱ्या काळाची नोंद बहुधा कोठेच नसते.

घोड्याच्या बाबतीत 'निवृत्ती' हा शब्दही काहीसा फसवा आहे. निवृत्तिवेतन नसलेली ही निवृत्ती होय. मालकाच्या खर्चाच्या वहीत घोडा उत्पन्नाच्या रकान्यातून खर्चाच्या रकान्यात गेला की त्याचा प्रवास सुरू होतो, आणि त्या प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यावर काही घोडे हाडांचा सापळा होऊन एखाद्या प्राणिकल्याण संस्थेच्या हाती येतात. अशा घोड्याचे पुनर्वसन कसे होते, ते अनेकदा कोठे फसते आणि त्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. पुनर्वसनातील सर्वांत मोठा शत्रू निष्काळजीपणा हा नसून घाई हा आहे, आणि ही घाई बहुतेक वेळा दयाबुद्धीतूनच जन्म घेते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

शर्यतीचा घोडा कसा घडतो

जगभरातील शर्यतींत धावणारा 'थरोब्रेड' हा वंश सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये घडविण्यात आला. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे पूर्वेकडून आणलेले तीन वळू-घोडे त्याचे मूळपुरुष मानले जातात. त्याच्या वंशावळीचा 'जनरल स्टड बुक' हा ग्रंथ १७९१ पासून प्रसिद्ध होऊ लागला. तेव्हापासून वेग या एकाच गुणासाठी निवड होत गेली. शांत स्वभाव, मजबूत खूर, दीर्घायुष्य हे गुण त्या निवडीत दुय्यम राहिले.

शिंगरू पाच-सहा महिन्यांचे असताना आईपासून तोडले जाते आणि साधारण दीड वर्षाचे झाले की त्याच्या पाठीवर खोगीर चढते. भारतातही शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. त्यामुळे उशिरा जन्मलेले शिंगरू कागदावर आपल्या खऱ्या वयापेक्षा मोठे ठरते. सरावातील घोड्याची दिनचर्या पाहिली तर निसर्गाने त्याला दिलेल्या दिनचर्येचे ते जवळजवळ उलटे चित्र आहे. मोकळा घोडा दिवसातील पंधरा-सोळा तास चरतो, कळपात राहतो आणि चरता चरता सतत हळूहळू चालत असतो. शर्यतीचा घोडा बावीस-तेवीस तास ठाणावर एकटा उभा राहतो, पहाटे तासभर धावतो, थोडी वैरण आणि भरपूर चंदी खातो. मोतद्दार त्याला खरारा करतो, नालबंद ठरलेल्या दिवशी येतो, पशुवैद्य हाकेच्या अंतरावर असतो. एका अर्थी त्याची निगा उत्तम असते. मात्र ती निगा एका यंत्राची असते आणि तिचा हेतू यंत्राइतकाच नेमका असतो.

'भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला' या जुन्या कूटप्रश्नाचे 'न फिरवल्यामुळे' हे उत्तर मराठी घरांत सर्वांना पाठ असते. शर्यतीचा घोडा रोज फिरविला जातो, तरीही तो पुढे अडतोच. फिरविले जाणे आणि मोकळे फिरणे यांतील फरक त्या उत्तरात धरलेला नाही.

मैदानाबाहेरच्या वाटा

निवृत्त घोड्यांतील निवडक घोडे व घोड्या पैदास केंद्रांवर जातात. काही अश्वारोहण क्लबांमध्ये व खासगी तबेल्यांत जातात. महालक्ष्मी येथील 'अमॅच्युअर रायडर्स क्लब'मध्ये अशा घोड्यांवर अनेक पिढ्या अश्वारोहण शिकल्या. उरलेल्यांची वाट अधिक अवघड असते. किनाऱ्यावरील सवारी, वरातीतील मिरवणूक, पर्यटनस्थळावरील भाड्याचा घोडा अशा पायऱ्या ते उतरत जातात. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या हीही त्यांतील एक पायरी होती. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनोरंजनासाठी चालविल्या जाणाऱ्या या घोडागाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. त्या निर्णयाने गाडीवानांच्या पुनर्वसनाची चर्चा झाली तशी घोड्यांच्या पुनर्वसनाचीही झाली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

आणखी एक वाट महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासातून जाते. धनुर्वातावरील व सर्पदंशावरील प्रतिद्रव्य तयार करण्यासाठी घोड्याला अल्प मात्रेत विष टोचून त्याच्या रक्तातील रक्तद्रव काढला जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आजही हाच उपाय आहे. पुण्याच्या पूनावाला पैदास केंद्रातील निवृत्त घोडे हाफकिन संस्थेस दिले जात असत आणि त्यावरूनच सायरस पूनावाला यांना स्वतः रक्तद्रव निर्माण करण्याची कल्पना सुचली, अशी हकिकत त्यांनीच अनेकदा सांगितली आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या मुळाशी निवृत्त शर्यती घोडा उभा आहे, ही गोष्ट लसीकरणाचा गौरव करताना सहसा कोणी आठवत नाही.

सुटकेनंतरचे पहिले दहा दिवस

उपासमार झालेला घोडा आश्रयस्थानी आला की पाहणाऱ्याच्या मनात पहिली भावना येते ती त्याला पोटभर खाऊ घालण्याची. हरभरा भिजवला जातो, गूळ येतो, भाकरी येते. याच वेळी सर्वांत मोठा धोका असतो. दीर्घ उपासमारीत शरीर आधी साठवलेली साखर, मग चरबी आणि शेवटी स्नायू जाळून जगत असते. पेशींतील स्फुरद, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचे साठे रिते झालेले असतात. अशा वेळी पिष्टमय धान्य पोटात गेले की रक्तातील साखर वाढते, इन्सुलिन उसळते आणि साखरेबरोबर रक्तात उरलेली ही खनिजेही पेशींत ओढली जातात. रक्तातील त्यांचे प्रमाण एकाएकी खाली येते. श्वसन व हृदय यांचे कार्य बिघडते आणि खाऊ लागलेला, सुधारतो आहे असे वाटणारा घोडा तीन ते दहा दिवसांत दगावतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांच्या बाबतीतही हाच दुर्दैवी अनुभव आला होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी, विशेषतः कॅरोलिन स्टल यांनी, १९९० च्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास करून जी पद्धत सुचविली ती आज सर्वत्र आधारभूत मानली जाते. पहिले तीन दिवस दर चार तासांनी केवळ अर्धा किलो वाळलेला लसूणघास द्यावयाचा. चौथ्या दिवसापासून प्रमाण सावकाश वाढवीत, खेपा कमी करीत, दहाव्या दिवसाच्या सुमारास घोडा खाईल तितकी वैरण द्यावयाची. धान्य, तेल, गूळ या काळात वर्ज्य. लसूणघासात पिष्ट कमी आणि प्रथिने, स्फुरद व मॅग्नेशियम तुलनेने अधिक असल्याने तो येथे उपयोगी पडतो. सुदैवाने पश्चिम महाराष्ट्रात तो सहज मिळतो. रात्री दोन वाजता उठून अर्धा किलो गवत देणे आणि घोडा आणखी मागत असताना हात आखडणे, या दोन्ही गोष्टी सांभाळणाऱ्याच्या मनाला जड जातात. पण या दहा दिवसांत घोड्याची याचना ऐकणे म्हणजे त्याला मारणे होय.

याच काळात विलगीकरण अनिवार्य आहे. ग्लँडर्स हा जिवाणुजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होतो. भारतातून तो बराच काळ दिसेनासा झाला होता. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा पुन्हा उद्रेक झाला आणि पुढील वर्षांत तो इतर राज्यांतही आढळला. रक्ताचे नमुने हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीस जातात. रोग निश्चित झाल्यास घोड्यास वेदनारहित मरण देण्यावाचून कायद्याने दुसरा मार्ग ठेवलेला नाही. गोमाशांच्या चाव्यातून पसरणारा सर्रा, घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय यांच्याही तपासण्या याच वेळी होतात. धनुर्वाताची लस तर कोणत्याही जखमी घोड्याला आधी टोचावी लागते, कारण पाळीव प्राण्यांत घोडा या रोगास सर्वाधिक बळी पडतो.

पोट, वजन आणि वैरण

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचे असते. त्यात आम्ल सतत पाझरत राहते, घोडा खात असो वा नसो. आम्लाला शमविणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. दिवसभर चरणाऱ्या प्राण्यात ही रचना निर्दोष आहे. ठाणावर रिकाम्या तोंडाने तासन्‌तास उभ्या राहिलेल्या प्राण्यात ती जठराला जाळते. शर्यतीच्या सरावात असलेल्या घोड्यांपैकी बहुसंख्यांना, काही पाहण्यांत ८० टक्क्यांहून अधिकांना, जठरव्रण असल्याचे आढळले आहे. चिडचिड, तंग कसताना चावायला धावणे, चंदी अर्धवट सोडणे ही लक्षणे 'वाईट खोड' म्हणून खपून जातात. ओमेप्राझोल हे औषध आणि मुबलक वैरण यांनी यातील बहुतेक व्रण चार आठवड्यांत भरून येतात. अनेक 'खोडकर' घोडे या चार आठवड्यांतच सुधारतात, ही गोष्ट स्वभावाविषयी मत बनविण्याची घाई करणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

वजनाचे मोजमाप करण्यासाठी हेनेके यांनी १९८३ मध्ये तयार केलेली एक ते नऊ अशी श्रेणी वापरली जाते. एक म्हणजे कातडीखाली केवळ हाडे, पाच म्हणजे मध्यम, नऊ म्हणजे अतिस्थूल. बरगड्या, माकडहाड, खांद्यामागचा भाग हाताने चाचपून हा अंक ठरतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण पोट सुटलेला घोडा उपाशीही असू शकतो. एकपासून पाचपर्यंत पोहोचण्यास काही महिने लागतात.

महाराष्ट्रातील वैरणीचे काही धोके परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद फार आणि चुना अत्यल्प असल्याने केवळ कोंड्यावर पोसलेल्या घोड्याच्या हाडांतील चुना झिजतो आणि चेहऱ्याची हाडे फुगतात. संकरित नेपियर जातीच्या गवतांतील ऑक्झलेट चुन्याला बांधून ठेवते. गायी-म्हशींना मानवणारे हे गवत घोड्याला एकमेव आहार म्हणून देता येत नाही. कोवळी हिरवी ज्वारी तर टाळलीच पाहिजे. तिच्यामुळे गुरांना किराळ लागते हे शेतकऱ्याला ठाऊक असते, पण घोड्याच्या बाबतीत तो विचार अनेकदा राहून जातो. वाळलेले गवत, थोडा लसूणघास, चाटण्यास मीठ आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर काम न करणारा घोडा उत्तम राहतो.

पाय आणि खूर : शरीराची निरनिराळी पंचांगे

तीन-चार महिन्यांत घोड्याची कातडी चमकू लागते, बरगड्या झाकल्या जातात. छायाचित्रात तो पूर्ण बरा दिसतो. पुनर्वसनातील दुसरा मोठा धोका येथे आहे. शरीरातील प्रत्येक ऊतकाचे पंचांग वेगळे असते आणि घोडा बरा दिसू लागतो तो बरा होण्याच्या बराच आधी.

खुराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. खुराची भिंत महिन्याला सुमारे आठ ते दहा मिलिमीटर वाढते. पुढील पायाचा खूर टाचेपासून टोकापर्यंत संपूर्ण नवा होण्यास नऊ महिने ते एक वर्ष लागते. उपासमारीच्या काळात वाढलेला भाग ठिसूळ असतो. त्याची आडवी वळी भिंतीवर उमटते आणि महिन्यागणिक खाली सरकत जाते. जाणकार नालबंद त्या वळीवरून उपासमार केव्हा झाली हे अंदाजाने सांगू शकतो. शर्यतीसाठी ठोकलेले हलके ॲल्युमिनियमचे नाल काढून, लांबलेला पुढचा भाग दर चार-सहा आठवड्यांनी थोडा थोडा कापून खुराचा तोल पूर्ववत करावा लागतो. हे एका खेपेत करू गेल्यास पायाच्या मागील कंडरांवर ताण येतो.

कंडरा हाच शर्यती घोड्याचा सर्वाधिक दुखावणारा अवयव आहे. पुढच्या पायाच्या मागील बाजूची वरवरची कंडरा भरधाव दौडीत स्प्रिंगसारखी ताणली जाते, तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जाते आणि तिच्या गाभ्याचे तापमान ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. ती फाटल्यावर जे नवे ऊतक भरते ते वणाचे असते. त्याची लवचीकता मूळ ऊतकाएवढी कधीच होत नाही. पुरी जुळणी होण्यास नऊ महिने ते वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ लागतो. या काळात पूर्ण विश्रांतीही अपायकारक आणि मोकळी धाव त्याहून अपायकारक. हाताने धरून रोज दहा मिनिटे चालविणे, दर आठवड्यास पाच मिनिटे वाढविणे, तीन-चार महिन्यांनी अल्ट्रासाउंड तपासणी करून मगच दुडक्या चालीला परवानगी देणे, असा हा कंटाळवाणा क्रम आहे. लंगडणे सहा आठवड्यांतच थांबते, आणि नेमके तेच सांभाळणाऱ्याची फसगत करते. हाडांचेही तसेच. विश्रांतीत हाड विरळ होते. दीर्घ विश्रांतीनंतर लगेच वेगात नेलेल्या घोड्यांत खांद्याखालच्या हाडाला तडा जाण्याचे प्रमाण अधिक दिसून आले आहे.

सर्व घोडे बरे होतात असे नाही. ज्या घोड्याचा सांधा कायमचा झिजला आहे, जो वेदनेशिवाय उभा राहू शकत नाही, त्याला जगवत ठेवणे हा करुणेचा नव्हे तर करुणेच्या प्रदर्शनाचा भाग होतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातही अशा प्राण्यास वेदनामुक्त करण्याची तरतूद आहे. पांजरपोळांची दीर्घ परंपरा असलेल्या पश्चिम भारतात हा निर्णय मनाला पटवून घेणे कठीण जाते; भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ पासूनची आहे. ती परंपरा आदरणीय आहे, परंतु वेदनेच्या प्रश्नाला ती उत्तर देत नाही.

शिकलेले विसरणे

शर्यती घोडा 'अशिक्षित' असतो असा समज आहे. वस्तुतः तो अतिशय चांगला शिकलेला असतो; त्याचे शिक्षण निराळे असते एवढेच. लगाम ताणला की त्यावर रेलून वेग वाढवायचा, हे त्याने शेकडो पहाटे गिरविलेले असते. त्यामुळे नवखा स्वार घाबरून लगाम ओढतो तेव्हा घोडा आज्ञाभंग करीत नाही. त्याच्या भाषेत त्याला 'धाव' असेच सांगितलेले असते. जॉकी आखूड रिकिबीत उभा राहतो, त्याचे पाय घोड्याच्या कुशीला लागत नाहीत. म्हणून साध्या स्वाराच्या पायाचा स्पर्श त्याला अपरिचित व भयप्रद वाटतो. जॉकीला चालत्या घोड्यावर उचलून बसविले जाते. म्हणून स्वार चढेपर्यंत स्थिर उभे राहणे त्याला ठाऊकच नसते.

अशा घोड्याला 'मोडून' काढण्याची जुनी रीत अद्याप पुष्कळ तबेल्यांत आहे. अध्ययनशास्त्र दुसरे सांगते. घोडा दाब दिल्याने शिकत नाही, दाब नेमक्या क्षणी सुटल्याने शिकतो. त्याने एक पाऊल मागे घेताच लगाम सैल झाला पाहिजे. अर्ध्या मिनिटाने सैल झालेला लगाम त्याला काहीच शिकवीत नाही. भीती घालविण्यासाठीही भयकारक वस्तूच्या मध्ये त्याला बांधून ठेवणे निरुपयोगी ठरते. थकून गप्प झालेला घोडा शांत झालेला नसतो. वस्तू दूर ठेवून, घोडा मान खाली घालून ओठ चाळवू लागेपर्यंत थांबून, मग एक पाऊल जवळ जाणे, हीच वाट. वर्गात अध्यापन करणाऱ्यास यात फारसे नवीन वाटणार नाही.

मोकळे सोडणेही शिकवावे लागते. वर्षानुवर्षे ठाणावर राहिलेला घोडा एकदम मोठ्या कुरणात सोडला तर कुंपणालगत धावून स्वतःस जायबंदी करतो. आधी लहान आवार, सोबत एखादी वयस्कर, संथ घोडी किंवा गाढव, समोर वैरण. कळपात राहण्याचे शिष्टाचार, कान केव्हा टवकारायचे, कोणासाठी वाट सोडायची, हे त्याला दुसरा घोडाच शिकवू शकतो. लाकूड दातांत धरून हवा ओढणे, जागच्या जागी डोलत राहणे अशा बंदिवासातील सवयी मात्र पुष्कळदा आयुष्यभर टिकतात. गळ्याभोवती पट्टा आवळून त्या दडपण्याऐवजी वैरण व सोबत वाढवून त्या कमी होऊ देणे श्रेयस्कर. खरी गाढ झोप घोडा आडवा होऊनच घेतो. तेव्हा आश्रयस्थानी आलेला घोडा प्रथमच सर्वांगाने आडवा पडून झोपला, ही वजनाच्या कोणत्याही अंकापेक्षा अधिक विश्वसनीय खूण मानावी.

अपवादात्मक यशाची उदाहरणे येथे दिशाभूल करतात. नेव्हिल बार्डोस हा ऑस्ट्रेलियातील अपयशी शर्यती घोडा अल्प किमतीत विकत घेतला गेला, मे २०११ मध्ये अमेरिकेतील तबेल्याच्या आगीत धुराने होरपळला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडमधील बर्ली येथील खडतर स्पर्धेत सातवा आला. ही कथा खरी आहे. पण तिच्यामुळे प्रत्येक सांभाळणारा चार महिन्यांत चमत्काराची वाट पाहू लागतो.

वेळ कोणाकडे आहे

न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल येथील तुरुंगाच्या शेतजमिनीवर १९८४ पासून 'थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन'ने निवृत्त घोडे ठेवले आणि त्यांची निगा कैद्यांवर सोपविली. कैद्यांना अश्वसंगोपनाचे प्रशिक्षण मिळाले. पुढे इतर राज्यांतील तुरुंगांतही हा प्रयोग झाला. समाजशास्त्राच्या व मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यात कैद्याच्या मनःपरिवर्तनाकडे पाहिले, ते योग्यच. परंतु घोड्याच्या बाजूने पाहिले तर त्यातील मर्म साधे आहे. दुखावलेल्या घोड्याला रोज दहा मिनिटे, वर्षभर, न कंटाळता चालविण्याइतका वेळ कोणत्याही व्यावसायिक तबेल्याला परवडत नाही. तुरुंगात वेळ हीच एक गोष्ट मुबलक असते.

हा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत एका घोड्याच्या मृत्यूने ऐरणीवर आला. फर्डिनंड या घोड्याने १९८६ ची केंटकी डर्बी जिंकली होती आणि १९८७ मध्ये तो अमेरिकेतील वर्षातील सर्वोत्कृष्ट घोडा ठरला. पैदाशीसाठी तो जपानला विकला गेला. २००२ मध्ये तो कत्तलखान्यात गेल्याचे वृत्त २००३ मध्ये बाहेर आले. त्याआधी १९९७ मध्ये एक्सेलर या नामांकित घोड्याचा स्वीडनमध्ये असाच अंत झाला होता. सर्वोत्कृष्ट घोड्याची ही गत, तर सामान्य घोड्याचे काय, असा प्रश्न उभा राहिला. ब्रिटनमध्ये 'रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस' ही संस्था २००० मध्येच शर्यत-व्यवसायाच्या पुढाकाराने स्थापन झाली होती. अमेरिकेत २०१२ मध्ये 'थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स' अस्तित्वात आली आणि तिने आश्रयस्थानांची तपासणी करून त्यांना मान्यता व अनुदान देण्यास आरंभ केला. जो व्यवसाय घोड्याच्या धावण्यावर उभा आहे त्यानेच त्याच्या थांबण्याचाही भार उचलावा, हे तत्त्व यामागे आहे.

भारतात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असा निर्णय दिला आणि या व्यवसायास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. घोड्याच्या उत्तरायुष्याला मात्र १९६० च्या कायद्यातील कलम ११ चाच आधार आहे. प्राण्याला उपाशी ठेवणे किंवा सबळ कारणावाचून सोडून देणे हा त्या कलमान्वये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. लसूणघासाच्या दोन-चार पेंढ्याही या रकमेत येत नाहीत. अशा स्थितीत कायद्याच्या धाकापेक्षा करारपत्राची उपयुक्तता अधिक ठरते. आश्रयस्थानाकडून घोडा दत्तक देताना तो पुन्हा शर्यतीत न उतरविणे, त्याची पैदास न करणे, तो परस्पर न विकणे आणि सांभाळणे अशक्य झाल्यास परत आणून देणे, या अटी लेखी घेतल्या जातात. कातडीखाली बसविलेल्या सूक्ष्म पट्टिकेचा क्रमांक करारात नोंदला जातो. दत्तक घेणाऱ्याच्या घरी पाहणीस जाणाऱ्याने दोन वेळा निवडाव्यात : एक मे महिन्यात, वैरण महाग होते तेव्हा, दुसरी ऑगस्टमध्ये, चिखलाने खूर सडू लागतात आणि माश्या वाढतात तेव्हा. दोन्ही वेळा आधी न कळविता जावे आणि घोड्याआधी गव्हाण पाहावी.